पाचव्या लेनमधली पावलं

११ फेब्रुवारी
दुकानातून, दुपारी

प्रिय बंधुराज,

ठमी माझ्याकडे आहे आणि खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं न वाचता पत्र भिरकावलंस तरी कामाचं तेवढं पोचलेलं असेल.

वहिनीला मी फोनवर कळवलं होतंच. तिने तुला सांगितलं असणार, आणि तू "बरं" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला असणार. माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस, ते मला इथे दिसतं. म्हणून पत्र. निदान ते हातात तरी धरावं लागेल. लहानपणी तू शिबिराला जायचास तेव्हा आईला पत्र लिहायचास आणि शेवटी न चुकता एक ओळ असायची, "ताईने माझ्या कपाटाला हात लावू नये." तुझ्या सामानाला हात लावायची मला तेव्हाही हौस नव्हती आणि आत्ताही नाही. तुझी लेक आपल्या पायांनी आली आहे.

आली तेव्हा मी दुकानात एका आजोबांचे डोळे तपासत होते. ते खालची ओळ पाठ करून आले होते आणि मी पाटी बदलल्यावर माझ्यावरच चिडले. मागे वळून बघते तर ही चष्म्यांच्या आरशासमोर बॅग घेऊन उभी. म्हणाली, "आत्या, मी राहायला आले." किती दिवस, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी कळलं की तू तिला म्हणालास, "पाण्यात उतरणार नसशील तर माझ्या डोळ्यांसमोर नको." तू रागात म्हणाला असशील. पण ती तुझीच मुलगी आहे, तुझं म्हणणं शब्दशः पाळते. आयुष्यभर तिने तेच तर केलं.

पोहण्याच्या निवड चाचणीबद्दल मला पुन्हा वाद घालायचा नाही. मी खरंच दमले आहे त्या विषयाने. तरी एकदा लिहून ठेवते, कारण त्या दिवशी टँकवर तू मला बोलू दिलं नाहीस आणि त्यानंतर बोलायला मिळालंच नाही.

पाचव्या-सहाव्या लेनच्या टोकाला पंच म्हणून मी काही स्वतः मागून घेऊन उभी राहिले नव्हते. ज्यांची नेमणूक होती त्या बाई आजारी पडल्या. सकाळी तुला ते कळलं तेव्हा तू हसून म्हणालास, "बरं झालं, घरचं माणूस आहे." घरचं माणूस म्हणजे काय तुला अभिप्रेत होतं ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं, पण शर्यतीआधी तुझ्याशी कोण बोलणार.

ठमी चारशे मीटरला सगळ्यांच्या बरीच पुढे होती. माझ्या टोकाला, उथळ बाजूला, तिने वळण नीट घेतलं, भिंतीला पाय लागले, मी ते पाहिलं. मग थोडं पुढे जाऊन ती थांबली. उजवा खांदा धरून तळाला पाय टेकून उभी राहिली. फ्रीस्टाइलमध्ये उभं राहण्याला बंदी नाही, हे तुला मी सांगायचं म्हणजे सोनाराला सोनं दाखवायचं. पोरांना तू पाण्यात उतरवायच्या आधी काठावर बसवून नियम म्हणून घेतोस. दमलात तर उभे राहा, श्वास घ्या, दोरीला ओढू नका, आणि तळावर एक पाऊलही टाकू नका. मी ते तुझ्या टँकवर किती वेळा ऐकलं आहे. पोरं एका सुरात म्हणतात.

ती उभी राहिली, तू प्रेक्षकांतून ओरडलास, आणि मग ती चालली. पाण्यातून, पुढे, सरळ. नंतर पोहून शर्यत पुरी केली आणि दुसरी आली. दुसरी म्हणजे राष्ट्रीय शिबिरासाठी निवड पक्की. मी हात वर केला. मुख्य पंचांनी विचारलं, काय पाहिलंत? मी म्हटलं, चालली. ती बाद झाली.

एवढंच आहे. तू म्हणतोस तिचा तोल गेला. तू म्हणतोस पाण्यात मला नीट दिसलं नाही, आणि सगळ्यांसमोर म्हणालास की आधी स्वतःचे डोळे तपासून घे. दुकानात सगळे अजून त्यावरून माझी फिरकी घेतात. मी घेतले तपासून. चांगले आहेत.

उत्तर पाठवू नकोस हवं तर. पण तिला एक फोन कर.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी
दुकानातून

प्रिय बंधुराज,

फोन आला नाही. खोकं आलं. ठमीचे दोन गॉगल, टोपी, व्यायामाचा रबरी पट्टा आणि तुझ्या अक्षरातलं सरावाचं वेळापत्रक. चिठ्ठी नाही. मी खोक्याचा तळ उचलून पाहिला, कागदाच्या घडीत पाहिलं. "कशी आहेस" एवढं लिहायला तुला काय झालं होतं? बोटं झिजली असती?

ठमीने खोकं पलंगाखाली सरकवलं आणि वर माझे जुने जोडे ठेवले. तिला हसू आलं आणि मलाही. मग ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत बसली.

तुझ्या माहितीसाठी, ती इथे काय करते ते सांगते. उशिरा उठते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं ही आजारी आहे. मग लक्षात आलं, शाळकरी वयापासून हिला उजेड होईपर्यंत झोपायला मिळालेलं नाही. दुपारी दुकानात येते आणि काचा पुसते. गिऱ्हाइकांना फ्रेम निवडून देते, तोंडावर खरं सांगते. एका बाईंना म्हणाली, "ही घालू नका, यात तुम्ही रागावलेल्या दिसता." बाईंनी दुसरी घेतली आणि जाताना तिच्या गालाला हात लावून गेल्या. मालक म्हणतात हिला ठेवून घेऊ. मी म्हटलं, तिच्या बापाला विचारा, आणि विचाराल तेव्हा मला बाहेर जाऊ द्या.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते.

माझ्या स्वयंपाकघरात ताटांची फळी आहे, तू पाहिली आहेस, उंचावर. मी ती माझ्या उंचीच्या हिशेबाने लावून घेतली होती आणि तू तेव्हा म्हणालास की पाहुण्यांना उपाशी मारायचा बेत दिसतो. ठमी माझ्याएवढीच उंच आहे. तरी ताट घ्यायला स्टूल ओढते. मी विचारलं तर म्हणाली सवय नाही. परवा मी दारातून पाहिलं. ती स्टुलावर चढून डाव्या हाताने ताट काढत होती. उजवा हात अंगाला चिकटवलेला. केस बांधताना मान खाली घालते आणि डोकं हाताकडे नेते. सदरा घालताना आधी उजवी बाही चढवते, हळूच, आणि त्या वेळी श्वास धरते.

तिला मी डॉक्टरांकडे नेलं. यायला तयार नव्हती. "बाबांना कळलं तर" असं म्हणाली. मी म्हटलं, कळू दे ना, बाबा काही वाघ नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून चपला घातल्या.

हाडांचे डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी तिला हात वर करायला सांगितला. खांद्याच्या थोडा वर गेला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. खांद्यातली शीर बरीच आधीपासून दुखावलेली आहे म्हणाले, आणि दुखावलेल्या शिरेनेच ती पोहत राहिली. मी विचारलं, बरीच आधीपासून म्हणजे? ते म्हणाले, "हे तिलाच ठाऊक. एका शर्यतीत झालेलं नाही." निदान वर्षभर पोहणं बंद. नंतर बघू म्हणाले.

तुला हे माहीत होतं का? नव्हतं, असं मी धरून चालते. तुला ते दिसलं नाही, असं म्हणते. काठावर उभं राहिलं की तुला फक्त वेळ दिसते, हे मी तुला आधीही बोलले आहे आणि तू "तुला कळत नाही" म्हणालास. नसेल कळत. पण ताट काढता येत नाही, हे कळायला काही कळावं लागत नाही.

ये आणि तिला बघून जा. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल, मी दुकानात जाऊन बसेन.

ताई


१३ मार्च
घरून, सुट्टीचा दिवस

प्रिय बंधुराज,

वहिनी सांगते की माझी दोन्ही पत्रं फ्रीजवर बॅटरीखाली पडून आहेत, पाकिटं बंदच. मग हे तिसरं मी कोणासाठी लिहिते आहे? बॅटरीसाठी असेल. लिहिलं की जरा हलकं वाटतं, एवढाच उपयोग.

काल जलतरण संघटनेचा कागद आला. तू माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली आहेस. पंचाने नात्याचा राग काढला, दृष्टी सदोष, पंचांच्या यादीतून नाव काढावं. माझ्यापुढे तो कागद होता आणि मी तुझी सही बघत होते. तुझी सही मीच तुला शिकवली होती, पासबुकासाठी, शेवटी शेपूट काढायची कल्पना माझी. शेपूट अजून तशीच आहे.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बसून राहावंसं वाटलं. ओल्या फरशीवर उभं राहून माझे गुडघे गेले, सुट्टीचे दिवस गेले, पोरांनी मला "टोकाच्या बाई" नाव पाडलं ते मी आवडीने मिरवलं. त्या टोकाला आपलं माणूस कोणीच नसतं, भिंत असते आणि हात असतात, आणि भिंतीला लागलेला हात लागलाच असतो. मला त्यात बरं वाटायचं. बाकी सगळीकडे माणसांशी गाठ असते.

तुला आठवतं का तुझं काय झालं होतं ते? रिलेमध्ये तुमचा चौथा गडी पहिला आला आणि तू आनंदाच्या भरात पाण्यात उडी मारून त्याच्या गळ्यात पडलास. शेवटच्या लेनमधला पोरगा अजून यायचा होता. शर्यत संपायच्या आधी पाण्यात पडलास म्हणून सगळी चौकडी बाद. ते तिघं तुझ्याशी शाळा सुटेपर्यंत बोलले नाहीत. बाबा पंचांशी भांडायला उठले तर तू त्यांचा सदरा धरून त्यांना बसवलंस. डोक्यावर टॉवेल घेऊन म्हणालास, "नियम आहे, बाबा." तेव्हापासून तू असा झालास, मला वाटतं. नियम पाठ केलेस, पोरांकडून पाठ करून घेतलेस. माणसांशी वाद घालत आलास पण नियमापुढे कधी चकार शब्द काढला नाहीस.

ही गोष्ट तू ठमीला लहानपणी सांगितली होतीस. तिने ती नीट लक्षात ठेवली. तू समजतोस त्याहून जास्त नीट.

या बाबतीत मी आणखी काही लिहिणार नाही. लिहिता येण्यासारखं आहे, आणि लिहिलं तर तुझी तक्रार त्याच दिवशी निकालात निघेल. पण माझ्याकडून शब्द मागितला होता आणि मी तो दिला आहे. तू मला लाख बोल लाव. मी तोंड उघडणार नाही. सुनावणीला विचारतील, काय पाहिलंत? मी म्हणेन, चालली. का चालली ते पंचाला विचारत नाहीत. फार चांगला नियम आहे तो.

ठमी आत बसून तुझ्या भाच्याला, म्हणजे माझ्या पोराला, फोनवर मूर्ख ठरवते आहे. ते ऐकून घरात माणूस असल्यासारखं वाटतं. पोरगा नोकरीसाठी लांब गेल्यापासून ही खोली बंदच होती. तुझा माझ्यावर राग असला तरी एवढं कळू दे, की ती इथे असणं माझ्यासाठी ओझं नाही. पण ती माझ्याकडे आहे ती तुझ्याकडे नाही म्हणून. दरवाजाची बेल वाजली की मान वर करते. दरवेळी दूधवालाच असतो.

ताई


२ एप्रिल
दुकानातून

प्रिय भावा,

आज बंधुराज नाही म्हणत. चेष्टा करायला अंगात जोर नाही.

सुनावणीनंतर तू सरळ जिना उतरून निघून गेलास, म्हणून त्या खोलीत जे झालं ते मी लिहून पाठवते. तू तिथेच होतास, हे मला माहीत आहे. पण तू ऐकलंस का, ते मला कळलं नाही.

तू येताना काचेचा पेला आणि पेन्सिल घेऊन आला होतास. ती खोली टँकच्या वर, खिडकीतून खाली पाणी दिसतं, क्लोरिनचा वास वर येतो. तू तिथल्या मडक्यातलं पाणी पेल्यात ओतलंस, पेन्सिल बुडवलीस आणि मुख्य पंचांपुढे ठेवलीस. "बघा, सरळ पेन्सिल वाकडी दिसते. तशीच उभी असलेली मुलगी चाललेली दिसते." किती तयारी करून आला होतास. संघटनेचे दोघे पेल्याकडे वाकून बघत होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मला पेल्याकडे बघून रडू येत होतं, कारण आपल्याला ही पेन्सिलची गंमत बाबांनी दाखवली होती, आणि तेव्हा आपण दोघं एकाच बाकावर होतो.

मुख्य पंचांनी मला विचारलं. मी म्हटलं, चालली.

तू म्हणालास, "पोरगी दमली होती. तिचा पाय घसरला. ताईला हे कळतं, पण कबूल करायचं नाही."

आणि दारातून ठमी म्हणाली, "पाय घसरला नव्हता. मी चालले."

तिला मी आणलं नव्हतं, यावर विश्वास ठेव. मी तिला दुकानात काचा पुसत सोडून आले होते. ती मागच्या बसने आली.

तू म्हणालास, "तू बाहेर थांब."

"नाही थांबत. बाबा, तुम्ही प्रेक्षकांतून ओरडलात ना, चालू नकोस म्हणून? मी ऐकलं. ते ऐकलं आणि मग चालले. आत्याकडे बघितलं, तिचं लक्ष आहे ना ते पाहिलं, आणि चालले."

खाली टँकमध्ये लहान पोरं पाय मारत होती, तो आवाज वर येत होता.

मुख्य पंचांनी अगदी साधेपणाने विचारलं, "का गं, बाळ?" त्यांना विचारायची गरज नव्हती. माणूस म्हणून विचारलं त्यांनी.

ती तुझ्याकडे बघून बोलली, त्यांच्याकडे नाही. "हात वर जात नव्हता. हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं, तुम्ही म्हणालात गरम पाण्याने शेक. हळू पोहून हरले असते तर तुम्ही वेळ बघून ओळखलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी परत पाण्यात. मध्येच बाहेर आले असते तर घाबरट म्हणाला असता. मला तुम्हाला नाही म्हणता येत नाही, बाबा. कधीच आलं नाही. मग वाटलं, नियमाला तुम्ही काही बोलत नाही. एकदा बाद झाले की तुम्ही टॉवेल घेऊन गप्प बसाल. पण तुम्ही आत्याच्याच मागे लागलात."

हाच तो शब्द, जो मी दिला होता. चाचणीच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आत्या, मी मुद्दाम चालले, कोणाला सांगू नकोस, बाबांना सहन होणार नाही." मी दोन महिने तुझं सगळं ऐकून घेतलं ते यासाठी. थकवा येतो रे. खरं माहीत असून आपल्याच माणसाच्या नजरेत वाईट होऊन राहायचं, फार थकवा येतो.

तू पेन्सिल पेल्यातून काढलीस आणि ओलीच खिशात घातलीस. म्हणालास, "पंचांचा निर्णय बरोबर आहे. तक्रार मागे घेतो." आणि गेलास. सदऱ्यावर ओला डाग पडला होता.

तिचा अंदाज बरोबर निघाला. नियमापुढे तू बोलला नाहीस. पण ती तिथेच उभी होती आणि तू तिच्या शेजारून गेलास. मला वाटलं निदान डोक्यावर हात ठेवशील. तिला मी बसमध्ये खिडकीची जागा दिली. ती म्हणाली, "सांगितलं ते चुकलं का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग ते काही बोलले का नाहीत?" मी उत्तर बनवून सांगितलं नाही, दोघींची तिकिटं काढली.

आता माझी तुझ्याबद्दलची तक्रार ऐक. मला यादीत ठेवलं की काढलं, पंच कोण बरोबर, पेन्सिल वाकडी की सरळ, याचं मला काही पडलेलं नाही. त्या पोरीला वाटतं की ती पाण्यात नसेल तर तुला ती नकोच आहे. हे खरं आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं आहे. खरं असेल तर तसं सांग. मग मी तिला इथे ठेवून घेईन, कायमची, आणि पुन्हा तुला त्रास देणार नाही. खरं नसेल तर तेही तुझ्या तोंडून तिला कळू दे. हे मी तिला सांगून उपयोग नाही. मी टोकाची बाई आहे, माझं काम फक्त पाहिलेलं सांगणं.

हे शेवटचं पत्र समज. बॅटरीखाली आता जागाही उरली नसेल.

ताई


२१ एप्रिल
घरून, सकाळी

प्रिय बंधुराज,

शेवटचं म्हटलं होतं, पण तुझ्यामुळे शब्द मोडावा लागतो आहे.

काल मी दुकानातून आले तर स्वयंपाकघरात भुसा पडलेला. भिंतीवर जिथे फळी होती तिथे भोकं आणि पांढरा पट्टा, आणि फळी खूप खाली, माझ्या छातीच्या जरा वर. ताटं, वाट्या, पेले, सगळं तिच्यावर मांडलेलं. माझं मोठं पातेलं तू तुझ्या सवयीने उलटं ठेवलं आहेस, म्हणजे कोण येऊन गेलं ते ओळखायला काही शिल्लकच ठेवलं नाहीस.

ठमी ओट्यावर बसून चहा पीत होती. डोळे सुजलेले, पण चेहरा निवांत. मी विचारलं, कोण आलं होतं? म्हणाली, "सांगते, पण मध्ये बोलू नकोस."

तिने जे सांगितलं ते मी तुला लिहिते. तू आयुष्यात कोणाला हे सांगणार नाहीस, म्हणून कुठेतरी लिहिलेलं असू दे.

बेल वाजली तेव्हा तिला दूधवाला वाटला. दारात तू, हातात ड्रिलची पेटी. आत या म्हणावं की न म्हणावं, हे तिला सुचेना. तू विचारलंस, "फळी कुठे आहे?" ती म्हणाली, "स्वयंपाकघरात." तू आत गेलास, फळी बघितलीस, बराच वेळ बघितलीस. मग ताटं खाली उतरवू लागलास. ती मदतीला आली तर म्हणालास, "तू हात लावू नकोस."

सगळी ताटं उतरल्यावर तू तिला भिंतीपाशी उभं केलंस. म्हणालास, "उजवा हात वर कर. दुखेपर्यंत नको. दुखायच्या आधी थांब."

तिने हात वर केला. तिची जन्माची सवय, तुझ्यापुढे जितका जाईल त्याहून थोडा जास्तच नेते. तू तिचा चेहरा बघत होतास. म्हणालास, "खोटं नको. खाली घे." तिने खाली घेतला. "अजून दुखतंय. अजून खाली." तिने अजून खाली घेतला. "इथे?" ती म्हणाली, "इथे नाही दुखत." तू खिशातून पेन्सिल काढलीस आणि तिच्या बोटांच्या जरा खाली भिंतीवर रेघ मारलीस.

मग भोकं पाडलीस, फळी लावलीस, ताटं मांडलीस. सगळं झाल्यावर तिला म्हणालास, "काढून दाखव." तिने उजव्या हाताने ताट काढलं, तुला दिलं. ते ताट धरून तू तिथेच उभा राहिलास, आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, असं ती म्हणते. तू म्हणालास, "दोनदा सांगितलं होतंस." ती म्हणाली, "हो." तू म्हणालास, "मी ऐकलं होतं, ठमे. ऐकून सोडून दिलं." मग ती तुझ्या गळ्यात पडली, डाव्या हाताने. पुढचं तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता माझा एक प्रश्न. वहिनी म्हणते पाकिटं अजून फ्रीजवर बंदच आहेत. मग ताटांच्या फळीचं तुला कोणी सांगितलं? लहानपणी माझी पत्रं वाचून तू पाकिटं डिंकाने परत चिकटवायचास. मला ते तेव्हाही कळायचं.

रविवारी ठमी तुझ्याकडे येते आहे, राहायला, पोहायला नाही. तिचं ते खोकं मी इथेच ठेवून घेते, ते कधी न्यायचं ते तिचं तीच ठरवेल. तिला सोडायला मी येईन. तू माझ्याशी अजून बोललेला नाहीस, हे माझ्या लक्षात आहे, पण त्याची मला घाई नाही. मी दाराशी उभी राहीन आणि तू काय करतोस ते बघेन, बघण्याची मला सवय आहे.

फळीचं मात्र एक सांगते. ती आता मला फार खाली पडते. ओट्यावर काम करताना तिच्याखाली वाकावं लागतं आणि कंबर बोलते. सकाळपासून तीनदा कपाळ आपटलं. तरी तू येऊन ती हलवू नकोस. भिंतीवरची रेघही मी पुसलेली नाही.

ताई